हिरडीची राखण

कला शाखेच्या मुलाने वार्षिकात बुरशीवर लिहावे, याचे काही मित्रांना हसू येईल. येवो बापडे. पण ही बुरशी कदाचित त्यांच्याही तोंडात असेल! तिचे नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. यातले ‘कॅन्डिडा’ हे नाव डच संशोधिका क्रिस्तीन बेर्खाउट यांनी १९२३ साली दिले. दोन्ही शब्द लॅटिनमधले आणि दोन्ही पांढरेपणाचेच. द्विरुक्तीचा मोह शास्त्रज्ञांनाही आवरत नाही, हे पाहून बरे वाटले.

धडधाकट माणसांपैकी कितीतरी जणांच्या तोंडात ती बिऱ्हाड करून असते. अंड्याच्या आकाराचे सूक्ष्म यीस्ट होऊन ती निमूट राहते, तोवर हिरडीच्या अस्तरातील पेशी तिची दखल घेतात, पण आरडाओरडा करीत नाहीत. मला खरे नवल वाटते ते या संयमाचे. भाडेकरूच उद्या दरोडेखोर होणार असेल, तर त्याला ओळखायचे कसे?

बुरशी संधी मिळताच लांब तंतू काढते. हे तंतू पेशीला चिकटतात. कधी ते जोर लावून आत घुसतात, तर कधी पेशीला असे फसवतात की तीच त्यांना गिळून घेते. मग तंतूंतून विष पाझरते. त्याचा शोध २०१६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केला. नाव कॅन्डिडालायसिन, अवघ्या ३१ अमिनो आम्लांची साखळी. ते पेशीच्या पातळ आवरणाला भोके पाडते. गंमत म्हणजे याच घावाने पेशी खडबडून जागी होते. ती इंटरल्यूकिन नावाची निरोप्या प्रथिने सोडते आणि ती हाक ऐकून रक्तातील पांढऱ्या पेशी धावत येतात. स्वतः अस्तरपेशीही डिफेन्सिन नावाची जंतुनाशक द्रव्ये स्रवतात. अस्तराखाली हिरडीला बळकटी देणाऱ्या तंतुजनक पेशी असतात. त्याही या हाकाटीत सूर मिसळतात. हिरडी लाल होते, सुजते, ती या धावपळीमुळेच.

ही राखण ढिली पडली की काय होते, ते मी घरी पाहिले. आजी दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढते. त्या औषधाचा काही अंश तोंडातच राहतो आणि तिथल्या पेशींची हाक दबते. गेल्या पावसाळ्यात तिच्या तोंडात पांढरे चट्टे उठले. भाकरी राहोच, ताकभातही गिळवेना. डॉक्टरांनी बुरशीवरचे औषध दिले आणि पंप ओढल्यावर दर वेळी चूळ भरून थुंकायला सांगितले. एवढी साधी गोष्ट, पण पंप हाती देताना ती तिला कोणी सांगितलीच नव्हती.

कवळी वापरणाऱ्यांनाही हा धोका आहे. कवळीच्या प्लास्टिकवर या बुरशीचा थर सहज जमतो आणि तिच्याखाली लाळ नीट पोहोचत नाही. म्हणून कवळी रोज घासावी आणि रात्री काढून ठेवावी.