नाना शंकरशेट : पेढीवरून कायदेमंडळात

नाशिकरोडहून मुंबईला जाताना कसारा घाट लागला की प्रवाशांच्या गप्पांत नाना शंकरशेटांचे नाव हमखास निघते. मुरबाडला जन्मलेल्या या व्यापाऱ्याविषयी (१८०३–१८६५) आदर पुष्कळ आहे, पण गैरसमजही कमी नाहीत.

गैरसमज : रेल्वे नानांनी एकट्याने आणली.
वस्तुस्थिती : १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह त्यांनी मुंबईत रेल्वेसाठी संस्था उभारली. लोहमार्ग मात्र ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या विलायती कंपनीने बांधला. नाना तिच्या संचालकांपैकी एक होते. बोरीबंदर–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. कसाऱ्याचा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला, तो असंख्य मजुरांच्या कष्टांनी.

गैरसमज : ते केवळ दानशूर शेठ होते.
वस्तुस्थिती : त्यांची पत एवढी होती की अरब आणि अफगाण व्यापारी बँकेऐवजी त्यांच्याकडे ठेवी ठेवत. ही पत त्यांनी राजकारणासाठी वापरली. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये ते अग्रभागी होते. राज्यकारभारात हिंदी लोकांना वाटा द्या, असा अर्ज या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला. काँग्रेसचा जन्म त्यानंतर ३३ वर्षांनी झाला.

गैरसमज : ते इंग्रजांचे होयबा होते.
वस्तुस्थिती : शिक्षण मंडळावर असताना शिक्षण मातृभाषेतून द्यावे, यासाठी ते अध्यक्ष अर्स्किन पेरी यांच्याविरुद्ध ठाम उभे राहिले. १८५७ च्या उठावात सरकारने त्यांच्यावरच संशय घेतला. चौकशीत काहीही सिद्ध झाले नाही.

गैरसमज : ते लोकांनी निवडून दिलेले आमदार होते.
वस्तुस्थिती : १८६१ च्या कायद्यानुसार १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची सरकारने नेमणूक केली. तेव्हा मतदान नव्हतेच. नाशिक जिल्ह्यातील विंचूरचे सरदार माधवराव विंचूरकर हेही याच मंडळात नेमले गेले होते. अशा नेमणुकीतून मिळालेला अधिकार तुटपुंजा होता, पण अर्जात मागितलेल्या वाट्याचा तो पहिला हप्ता होता.

नानांचे मोठेपण सांगण्यासाठी अतिशयोक्ती लागत नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना रेल्वेची गोष्ट जरूर सांगावी, पण १८५२ चा तो अर्ज आणि मातृभाषेसाठीचा तो झगडाही आवर्जून सांगावा.