मुलगे मोजून घालणारी माशी

नेसोनिया व्हिट्रिपेनिस ही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची परोपजीवी गांधीलमाशी. मांसमाशीचा कोष सापडला की मादी स्पर्शिकांनी तो चाचपते, अंडनलिका कवचातून आत घालते, आतल्या जिवाला विष टोचते आणि त्याच्या अंगावर वीस ते चाळीस अंडी घालते. त्यांतली नरांची किती, हे तीच ठरवते.

मीलनात मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या पिशवीत साठवते. अंडे उतरताना शुक्राणू सोडला तर 10 गुणसूत्रांची मादी जन्मते. न सोडला तर 5 गुणसूत्रांचा नर. नराला बाप नसतोच.

एकट्या मादीच्या पिल्लांत नर दहा-पंधरा टक्केच असतात. नराचे पंख तोकडे, त्याला उडता येत नाही. तो आधी बाहेर येतो, कोषापाशीच थांबतो आणि बाहेर पडणाऱ्या माद्यांशी, म्हणजे बहुधा सख्ख्या बहिणींशीच, मीलन करतो. एक नर अनेकींना पुरतो; जादा मुलगे आपसातच झगडणार. एकाच जागी अंडी घालणाऱ्या माद्या वाढल्या की चित्र पालटते, कारण मुलग्यांना परक्या माद्याही मिळतात. उत्क्रांतिशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी 1967 मध्ये याचे गणित मांडले: दोन माद्या असतील तर नर 25 टक्के, चार असतील तर 37.5, आणि संख्या वाढत गेली की प्रमाण निम्म्याकडे सरकते.

या गणिताची खरी कसोटी लागते ती दुसऱ्या मादीपाशी. आधीच कुणी अंडी घातलेल्या कोषावर ती आली आणि तिला थोडीच अंडी घालायची असली, तर ती बहुतेक नरांचीच घालते; पहिलीच्या भरपूर मुली तिच्या मुलग्यांना आयत्याच मिळतात. तिची अंडी जास्त असतील तर नरांचा वाटा उतरतो. जॉन वेरन यांनी 1980 मध्ये हे प्रयोगाने दाखवले. इवल्याशा कीटकाच्या वागण्याचे इतके नेमके भाकीत खरे ठरणे, हे उत्क्रांतिशास्त्राचे फार मोठे यश आहे.

मादीचा हा ताबा अबाधित मात्र नाही. काही नरांच्या शुक्राणूंतून एक आगंतुक गुणसूत्र येते. ते फलित अंड्यातली बापाकडची बाकी सारी गुणसूत्रे नष्ट करते आणि मुलीच्या जागी मुलगा जन्मतो.

महाराष्ट्रात उसावरच्या खोडकिडीसाठी लावतात त्या ट्रायकोकार्डवरची ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशीही अशीच, शुक्राणू सोडून वा रोखून, नर-मादी ठरवते. किडीचे अंडे त्यात आपले अंडे घालून निकामी करते ती मादीच. म्हणून ही कार्डे तयार करताना पतंगाच्या अंड्यांवर माद्यांची गर्दी होऊ न देणे महत्त्वाचे. गर्दी झाली की नर वाढतात आणि शेतात कामाला येणाऱ्या माद्या घटतात.