वीजघराच्या किल्ल्या

शेजाऱ्याच्या घरीं अंधार असतां आपला दिवा त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवणें हा शेजारधर्म खरा. परंतु वात कशी वळावी, तेल किती घालावें आणि काजळी केव्हां झाडावी हें त्यास शिकविल्याखेरीज तो धर्म पुरा होत नाहीं. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारासही हाच न्याय लागू पडतो. एखाद्या लहान देशास वीजघर बांधून देणें पैशाच्या व यंत्रांच्या बळावर साधतें. तें चालविणारीं माणसें तयार होण्यास मात्र एक पिढी जावी लागते. या दृष्टीनें भारत आणि भूतान यांच्या सहकार्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१९६० पूर्वीं भूतानांत मोटारीचा रस्तादेखील नव्हता. देश गरीब, परंतु हिमालयावरून वेगानें खालीं धांवणाऱ्या नद्यांची संपत्ति अलोट. १९७४ सालीं वांगछू नदीवर चुखा येथें ३३६ मेगॅवॅटचें वीजघर उभारण्याचा करार उभय सरकारांनीं केला. खर्च सुमारें २४६ कोटी रुपये झाला. त्यांतील शेंकडा ६० भारताचें अनुदान व शेंकडा ४० कर्ज. भूतानची गरज भागून उरलेली वीज भारतानें विकत घ्यावी, असें ठरलें. ८४ मेगॅवॅटचीं चार यंत्रें १९८६ ते १९८८ या काळांत सुरू झालीं.

बांधणारे इंजिनियर बहुतेक भारतीय, व प्रारंभीं तीं यंत्रें चालविण्याचा भारही मुख्यतः त्यांच्यावरच होता. भूतानच्या तरुणांनीं भारतांतील कॉलेजांत विद्या घेतली. पण वीजघराची विद्या पुस्तकांत मावत नाहीं. पावसाळ्यांत पाण्याबरोबर येणारी वाळू टर्बाइनचीं पातीं झिजविते. हिवाळ्यांत नदी रोडावते. यंत्राचा कोणता आवाज निरोगी आणि कोणता बिघाडाचा, हें जाणत्याच्या शेजारीं रात्रपाळ्या केल्यावांचून कळत नाहीं. अशी उमेदवारी झाल्यावर १९९१ सालीं चुखा भूतान सरकारच्या स्वाधीन करण्यांत आलें. सासूबाईंनीं सुनेच्या हातीं कोठीच्या किल्ल्या द्याव्या, आणि मग प्रत्येक माप मोजावयास मागें उभें राहूं नये, तसाच हा प्रसंग होय.

पुढें १०२० मेगॅवॅटचें ताला वीजघर २००६-०७ मध्यें चालू झालें. गांवोगांव वीज पोंचविण्यासाठीं २००२ मध्यें भूतान पॉवर कॉर्पोरेशन निघालें. मोठीं वीजघरें सांभाळण्यासाठीं २००८ मध्यें ड्रुक ग्रीन पॉवर कॉर्पोरेशन स्थापन झालें. ७२० मेगॅवॅटचें मांगदेछू वीजघर २०१९ सालीं सुरू झालें व २०२२ मध्यें याच संस्थेच्या हवालीं झालें.

तथापि या चित्रास दुसरी बाजूही आहे. चुखा व ताला यांच्या वेळीं अनुदान शेंकडा ६० होतें. मांगदेछूच्या वेळीं तें ३० वर आलें, आणि कर्ज ७० वर गेलें. पुनात्सांगछूच्या पहिल्या प्रकल्पांत २०१३ सालीं धरणाच्या जागीं डोंगर घसरला व काम वर्षानुवर्षें रखडलें. डोंगर कोणाला विचारून घसरत नाहीं. पण काम थांबलें तरी व्याज थांबत नाहीं, आणि तें फेडावयाचें असतें ऋणकोनें. शिवाय हिवाळ्यांत नद्या आटल्या म्हणजे वीज विकणाऱ्या भूतानला ती भारताकडूनच विकत घ्यावी लागते. याहून मोठी चिंता माणसांची. शिकून तयार झालेले तरुण अधिक पगारासाठीं ऑस्ट्रेलियासारख्या देशांकडे जाऊं लागले आहेत. यंत्र मोडलें तर दुसरें मागवितां येतें. पंधरा वर्षांचा अनुभव पेटींत घालून कोणी पाठवीत नाहीं.

म्हणून सहकार्याची रीतही बदलावी लागते. २०१५ सालीं सुरू झालेल्या १२६ मेगॅवॅटच्या दागाछू वीजघरांत मुंबईच्या टाटा पॉवर कंपनीचा भाग शेंकडा २६ आहे. सर्वांत मोठा भाग ड्रुक ग्रीनचा. येथें दाता आणि याचक हें नातें संपून भागीदारीचें नातें आलें. टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीस वीजघर चालू केलें, तेव्हां त्यांचीं यंत्रें परदेशाहूनच आलीं होतीं. एके काळीं इतरांकडून शिकलेला आज शेजाऱ्याच्या पंक्तीस भागीदार म्हणून बसतो, हाच या विद्येचा खरा वंशविस्तार होय.

सारांश, अशा साहाय्याचें मोल किती मेगॅवॅट उभे राहिले एवढ्यावरून ठरवूं नये. मध्यरात्रीं यंत्र बंद पडलें असतां मदतीची हांक सीमेपलीकडे मारावी लागते, कीं शेजारच्या खोलींत झोंपलेल्या आपल्याच माणसास, हें पाहावें. त्या हांकेस घरांतून उत्तर आलें, म्हणजे शेजारधर्म सफळ झाला असें समजावें.