मायेला हिशेबाची जोड

गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख होय. येथील कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. पाऊस पडत असतानाच पाणी अडविले, तरच पुढे ताण पडल्यावर धान वाचते, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. ज्या घरात एखादे अपत्य दिव्यांग असते, त्या घरासही अशीच दूरदृष्टी हवी. ‘आमच्या माघारी याचे कसे होईल?’ हा प्रश्न तेथील आईबापांच्या मनात अहोरात्र घोळत असतो. केवळ मायेने तो सुटत नाही. मायेला कायद्याची व हिशेबाची जोड द्यावी लागते.

समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका शेतकऱ्यास दोन मुलगे आहेत आणि धाकट्याच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानाने पुरती झालेली नाही. ‘थोरला त्याला सांभाळील,’ असे म्हणून बाप निश्चिंत होतो. थोरला सुस्वभावी असेलही. परंतु उद्या तो पोटासाठी नागपूरला गेला, अथवा धाकट्याच्या आधी निवर्तला, तर?

धाकट्याचा जमिनीतील हिस्सा ही भावाने केलेली मेहरबानी नव्हे. जुन्या हिंदू धर्मशास्त्राने जन्मांध, मूकबधिर इत्यादींना वारसाहक्क नाकारला होता. १९२८ च्या कायद्याने ही बंधने बरीचशी दूर केली आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने रोग वा व्यंग यांच्या कारणावरून कोणासही वारसा नाकारता येणार नाही, असे ठरविले.

तथापि हक्क असणे वेगळे आणि तो राखणे वेगळे. अठरा वर्षे पूर्ण होताच कायदा प्रत्येकास सज्ञान मानतो व आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. म्हणून १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम करण्यात आला. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेही हेच वर्ष. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी या कायद्यान्वये पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. पालक हा मालक नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याने मालमत्तेची यादी द्यावयाची असते आणि दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. त्याने हेळसांड वा अपहार केल्यास त्याला दूर करण्याचीही तरतूद आहे.

प्रत्येक दिव्यांगास पालक लागतोच, असे मात्र नाही. अंध वा बधिर मनुष्य आपले व्यवहार स्वतः पाहू शकतो. मालमत्ता बाळगण्याचा व पैशाचे व्यवहार करण्याचा त्याचा हक्क २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केला आहे. ज्याला मदतीची गरज आहे, त्याचीही इच्छा विचारात घेऊन पालकाने त्याच्यासह निर्णय घ्यावा, असा या कायद्याचा रोख आहे.

आईबापांनी हयातीतच काही गोष्टी कराव्यात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून ठेवावे. मृत्युपत्र लिहून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. त्याला मुद्रांक लागत नाही. बँकेतील ठेवीवर ज्याचे नाव नामनिर्देशित केले, तो त्या पैशाचा मालक ठरत नाही. वारसांच्या वतीने तो ते स्वीकारतो, हेही ध्यानी ठेवावे. जो स्वतः पैसा हाताळू शकत नाही, त्याच्यासाठी १८८२ च्या न्यास कायद्यानुसार खाजगी न्यास करून विश्वासू माणसे विश्वस्त नेमता येतात. शिवाय एका वहीत त्याची औषधे, खाणे, आवडीनिवडी आणि ज्यांच्याजवळ तो रमतो त्यांची नावे लिहून ठेवावीत. नव्याने सांभाळ करणाऱ्यास ती वही फार उपयोगी पडते.

भावाने भावास सांभाळावे, ही रीत चांगलीच आहे. परंतु तो सांभाळ कोणाच्या मर्जीवर अवलंबून न राहता धाकट्यास हक्काने मिळावा, यासाठीच ही सारी तजवीज करावयाची असते.