मधुमेह, मैदान आणि इन्शुलिनचा पंप

एका वाचक भगिनींनी विचारले आहे, ‘माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. त्याला इन्शुलिनचा पंप बसवला आहे. तो रोज संध्याकाळी सहा ते सात फुटबॉल खेळतो. निघताना पंपाचा वेग कमी करतो, तरी अर्ध्या तासात त्याला घाम फुटतो, हातपाय थरथरतात. त्याचे खेळणे बंद करावे का?’

खेळणे मुळीच बंद करू नये. चूक खेळात नाही, वेळेत आहे.

निरोगी माणूस धावू लागला की स्वादुपिंड लगेच इन्शुलिन कमी करते आणि यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. पंपातील इन्शुलिन मात्र त्वचेखाली सोडलेले असते व तेथून ते सावकाश रक्तात उतरते. जलद इन्शुलिनचा जोर साधारण एक ते दीड तासाने सर्वाधिक असतो आणि परिणाम तीन ते पाच तास राहतो. म्हणजे सहा वाजता वेग कमी केला, तरी पाच वाजता सोडलेले इन्शुलिन साडेसहाला पूर्ण जोरात असते. त्यातच धावणारे स्नायू साखर ओढून घेतात. मग साखर झपाट्याने उतरते.

यावर उपाय म्हणजे पंपाची सततची मात्रा, म्हणजे बेसल, खेळाच्या तास-दीड तास आधीच कमी करणे. सहाच्या खेळासाठी साडेचार ते पाचच्या दरम्यान ती ५० ते ८० टक्क्यांनी कमी करतात व खेळ संपताना पूर्ववत करतात. खेळापूर्वी दोन-तीन तासांत खाणे झाले असेल, तर त्या खाण्याची मात्राही खेळाच्या जोराप्रमाणे २५ ते ७५ टक्के कमी घ्यावी लागते. सेन्सर जोडलेल्या स्वयंचलित पंपात व्यायामासाठी साखरेचे वरचे लक्ष्य लावण्याची सोय असते. तेही एक-दोन तास आधीच लावावे.

मैदानात उतरण्यापूर्वी साखर तपासावी. १२६ ते १८० मिलिग्रॅम असल्यास खेळण्यास हरकत नाही. ९० ते १२५ असल्यास आधी १० ग्रॅम ग्लुकोज घ्यावे. ९० च्या खाली असल्यास १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घेऊन साखर वर येईपर्यंत थांबावे. २७० च्या वर असल्यास कीटोन तपासावेत. कीटोन वाढलेले असतील, तर त्या दिवशी खेळू नये व डॉक्टरांना कळवावे.

काही मुले खेळताना पंप काढून ठेवतात. हे चालते, पण दीड-दोन तासांपेक्षा जास्त नको. पंपात फक्त जलद इन्शुलिन असते. ते थांबले की काही तासांतच शरीरात इन्शुलिन उरत नाही व कीटोन वाढू लागतात.

खरा धोका रात्री असतो. खेळून रिकामे झालेले स्नायू पुढे कित्येक तास साखर साठवत राहतात, म्हणून झोपेत, पहाटे साखर उतरू शकते. संध्याकाळी जास्त खेळ झाला असेल, तर झोपताना बेसल सुमारे २० टक्क्यांनी सहा तासांसाठी कमी करण्याचा सल्ला देतात. झोपण्यापूर्वी साखर तपासावी. नवीन बदल केल्यावर काही दिवस रात्री दोन-तीन वाजताही तपासावी.

पंपाऐवजी इंजेक्शन घेणाऱ्यांना टोचलेले इन्शुलिन परत काढता येत नाही. त्यांनी खेळापूर्वीच्या जेवणाची मात्रा डॉक्टरांना विचारून कमी करावी किंवा वेळेवर काही खावे. धावण्यापूर्वी मांडीत इंजेक्शन घेऊ नये.

खिशात ग्लुकोजची पूड असावीच. घाम, थरथर, धडधड जाणवली की खेळ थांबवून तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा वाढते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. खेळाचे शिक्षक आणि दोन-तीन मित्र यांना हे सांगून ठेवावे.

वरील आकडे सुरुवातीसाठी आहेत. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते. एका वहीत खेळाची वेळ, आधीची व नंतरची साखर आणि पंपात केलेला बदल लिहावा. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांना दाखवली, तर मुलाचे प्रमाण त्यांना नेमके ठरवता येईल.