तिकीट परवडतं, खाडा परवडत नाही

हिंगोली जिल्ह्यात मे महिना पैशाच्या दृष्टीनं वाईटच. हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी एप्रिलपर्यंत उरकते. त्या मजुरीतून हातात आलेलं देणेकऱ्यांकडं गेलेलं असतं, आणि पुढं जून उभा असतो. बियाणं, खत, लेकरांची वह्या-पुस्तकं, दप्तर, सगळं एकाच महिन्यात येतं. नेमक्या याच दिवसांत शाळा बंद असतात आणि घरातलं एक तरी लेकरू म्हणतं, "आपण कुठंतरी जाऊ ना." त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "पैसे काय झाडाला लागतात?"

हे उत्तर अर्धं खरं आहे. पैसे नसतात, यात वाद नाही. पण पैसे नेमके कशाला लागतात याच्या बऱ्याच चुकीच्या समजुती आपल्याकडं रूढ आहेत. एका दिवसाची सहल हजारोंची होते ती बहुधा त्यांच्यामुळं.

"सवलत पिवळ्या कार्डवाल्यांना असते"

एस्टीच्या सवलतीचा रेशनकार्डाशी काही संबंध नाही. ना उत्पन्नाचा दाखला लागतो, ना तहसीलच्या चकरा. घरच्या सहलीला लागणारी सवलत वय आणि स्त्री-पुरुष यावर ठरते. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीटच नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत हाफ. महिला सन्मान योजनेत 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे बारा वर्षांवरच्या मुलीलाही. 65 ते 75 वयाच्या म्हाताऱ्या माणसांना अर्धं, आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. वयाला पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ असलं की झालं.

इथं दुसरा गैरसमज येतो. मुलगी आठ वर्षांची, तिला लेकरू म्हणून हाफ आणि बाईमाणूस म्हणून त्याचंही हाफ, म्हणजे पाव तिकीट? तसं होत नाही. एका माणसाला एकच सवलत. याच्यावरून वाहकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आता हिशेब मांडून बघू. एस्टीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर निघतं आणि जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागं साधारण दहा रुपये पडतात. हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीसेक किलोमीटर. पूर्ण तिकीट सोयीसाठी 50 रुपये धरू. घरात आई, बाप, 76 वर्षांची आजी, 13 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा. बापाचे 50, आईचे 25, मुलीचे 25, मुलाचे 25, आजीचं शून्य. पाच माणसं 125 रुपयांत औंढ्याला पोचली. जाऊन-येऊन 250. हेच काळ्यापिवळीतून गेलं तर सीट मोजून पैसे द्यावे लागतात, तिथं ना बाईला सूट ना आजीला. "जीप स्वस्त पडते" असं सर्रास म्हटलं जातं, ते एकट्या गड्यापुरतं कधीमधी खरं असेल. बायका-लेकरांसह निघालेल्या घराला जीप महागच पडते. जीपला खरा फायदा वेळेचा आहे. गावात एस्टीच्या दोनच फेऱ्या असतील तर माणूस जीपला हात करणारच, त्याला बोल लावता येत नाही.

खाडा

तिकिटाचे 250 रुपये झाले. पण त्या दिवशी आई-बाप दोघं कामावर गेले नाहीत, त्याचं काय? महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होता. दोघांचा खाडा पडला की 624 रुपये बुडाले. म्हणजे सहलीच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा तिकिटाचा नाही, जेवणाचा नाही, तर हा आहे. आणि तो कुणी मोजतच नाही, कारण तो खिशातून जात नाही, खिशात येता येता राहतो. शहरातल्या पगारदाराला भरपगारी रजा असते, त्यामुळं "एक दिवस काढा हो लेकरांसाठी" हा सल्ला त्याला सोपा वाटतो. मजुरीवर चालणाऱ्या घराला एक दिवस काढणं म्हणजे काय ते त्या घरालाच ठाऊक.

म्हणून आई, बाप, लेकरं सगळी एकत्र गेली तरच सहल, हा हट्ट आधी सोडावा असं माझं मत आहे. वरच्याच घरात आजीचे पाय धड असतील तर आजी आणि दोन्ही नातवंडं मिळून 50 रुपयांत औंढ्याला जातात, जाऊन-येऊन 100 रुपये होतात, आणि कुणाचाच खाडा पडत नाही. आजीला देवदर्शन घडतं, लेकरांना एस्टीची खिडकी मिळते. आजी नसेल तर गल्लीतल्या दोन बायकांनी चार घरची लेकरं न्यावीत, पुढच्या खेपेला दुसऱ्या दोघींनी. बाजाराच्या दिवशी तसंही अनेक गावांत कामाला सुट्टी असते, त्या दिवशी गेलं तर आई-बापालाही जोडीनं जाता येतं. मामाच्या गावी जाण्याची जुनी रीत याच हिशेबावर उभी होती. आई एकदा सोडून यायची, पंधरा दिवस लेकरं तिकडंच आंब्याखाली. खर्च काय, तर एका फेरीचं तिकीट.

"लांब गेलं नाही तर ती सहल कसली?"

हा समज मोबाइलनं पक्का केला. कुणी महाबळेश्वरचे फोटो टाकतं, कुणी तिरुपतीचे. दहा वर्षांच्या पोराला मात्र अंतराशी फारसं देणंघेणं नसतं.

औंढ्याचंच घ्या. देवळात शिरून, रांग लावून, दर्शन घेऊन परत फिरणारे बहुतेक. लेकरांना आधी देवळाभोवती हिंडवा. खालचं दगडी काम यादवकाळातलं समजलं जातं. त्यावर हत्तींच्या रांगा आहेत, योद्धे आहेत, नर्तकी आहेत. किती हत्ती ते मोजायला लावलं की तासभर कुणी कंटाळत नाही. मग मान वर करून शिखर बघा. खालचा काळा कोरीव दगड कुठं संपतो आणि वरचं नंतरच्या काळातलं बांधकाम कुठं सुरू होतं, ते लहान पोरालाही ओळखता येतं. गाभारा तळघरासारखा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं, आत जागा जेमतेम. लेकरांना याचीच सगळ्यात जास्त गंमत वाटते. आजीला मात्र त्या पायऱ्या जड जातात, तिला वर सावलीत बसवावं. नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा तिथं कुणालाही विचारा, सांगेल. त्याच तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये तिला 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो अजून बघायला जायचा स्पॉट नाही, पण एस्टीत बसल्या बसल्या पोरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

नर्सी नामदेव हिंगोलीपासून औंढ्याहूनही जवळ. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून वारकरी येतात तसे पंजाबातून शीखही येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. मराठवाड्यातल्या खेड्यात पगडीवाले पाहुणे बघून लेकरं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं देता देता घरच्यांचीच दमछाक होते.

लांबच जायचं असेल तर लोणार आहे. सेनगाव-रिसोडवरून शंभरेक किलोमीटर. बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघातानं झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, आणि 2020 साली सरोवराला पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर दर्जा मिळाला. पण मे महिन्यात लहान लेकरांना घेऊन विवरात उतरू नये, काठावरून बघावं.

"वेरूळ-अजिंठ्याला माणशी तिकीट, आपल्याला कुठं परवडणार?" हेही ऐकू येतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या लेकरांना प्रवेश फुकट असतो, तिकीट फक्त मोठ्यांना. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी. हे माहीत नसल्यानं दारातून परत फिरलेली घरं कमी नाहीत, आणि त्यात जाण्या-येण्याचं सगळं भाडं वाया जातं.

"बाहेर गेलं की हॉटेल आलंच"

घरून धपाटे, ठेचा, दह्याचा डबा आणि पाण्याची कॅन नेली तर हॉटेल लागत नाही. पण शिदोरी सोडून बसायची लोकांना आता लाज वाटते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. बाकीचे भजी-समोसे खात असताना आपण भाकरी सोडायची? त्या लाजेपायी दोनशे-तीनशे रुपये जातात. मग देवळाबाहेरची खेळणी. त्यावर बरा उपाय म्हणजे घरूनच प्रत्येक लेकराच्या हातात वीस रुपये द्यायचे आणि सांगायचं की उसाचा रस, फुगा, भोवरा, काय घ्यायचं ते घे, पण पुन्हा मागायचं नाही. आपले पैसे म्हटल्यावर पोरं असली घासाघीस करतात की दुकानदार हात जोडतो.

जेवणाचा प्रश्नच पडत नाही असं एक ठिकाण जवळ आहे, नांदेडचं सचखंड गुरुद्वारा. "लंगर शिखांसाठी असतो" हा गैरसमज कितीतरी जणांना दारातूनच मागं फिरवतो. लंगर सगळ्यांना खुला आहे. जात-धर्म कुणी विचारत नाही, पैसे मागत नाही. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी, चपला बाहेर, हात-पाय धुऊन पंगतीत बसायचं, वाढलेलं टाकायचं नाही. हिंगोलीहून वसमत, पूर्णा करत रेल्वेनं जाता येतं. काही गाड्या थेट आहेत, काहींना पूर्ण्याला गाडी बदलावी लागते. रेल्वेतलं हाफ तिकीट बंद झालं, असंही लोक सांगतात. एप्रिल 2016 पासून बदल एवढाच झाला की आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या लेकरासाठी वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण भाडं पडतं. बर्थ नको असेल तर अर्धंच, आणि साध्या जनरल डब्यातही अर्धंच. पाचच्या आत फुकट. ज्येष्ठांची सवलत मात्र रेल्वेनं मार्च 2020 मध्ये बंद केली, तेव्हा आजीचा हिशेब रेल्वेला लावू नका.

"धरणावर तर फुकट आहे"

सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर. पाणी बघायला पैसे पडत नाहीत हे खरं. पण लहान पोरं घेऊन उन्हाळ्यात पाण्यात उतरण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. जलाशयाचा उतार एकाएकी खोल होतो, गाळात पाय रुततो, कालव्याच्या कडा शेवाळलेल्या असतात आणि पकडायला काही नसतं. वर पाणी कधी सोडतील याचा नेम नाही. पोहता येणारं मोठं माणूस सोबत नसेल तर धरण यादीतून काढून टाकावं.

शाळेची सहल

"पैसे भरले नाहीत तर गुण कापतील" या भीतीपोटी उसने पैसे काढून सहलीला पाठवणारे पालक मी बघितले आहेत. सहल सक्तीची नसते. पालकांची संमती घ्यावी लागते, आणि संमती म्हटल्यावर नाही म्हणायची मुभा त्यात आलीच. पण नाही म्हणण्याआधी मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचाराव्यात. शैक्षणिक सहलीसाठी एस्टी निम्म्या दरात गाडी देते, ती घेतली का? आणि ग्रामीण भागातल्या सरकारी शाळेच्या विद्यार्थ्यांना अभ्याससहलीसाठी वर्षातून एकदा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीत 75 टक्के सवलत आहे, तिच्यासाठी अर्ज केला का? खासगी ट्रॅव्हल्सची गाडी ठरवून वर्गणी वाढवणाऱ्या शाळा आहेत. सवलतीचा अर्ज शाळेनंच करायचा असतो, एकट्या पालकाला तो करता येत नाही, म्हणून पालकसभेत आवाज काढावा लागतो.

तीर्थदर्शन योजनेबद्दलही विचारणा होते. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना साठीच्या पुढच्यांसाठी आहे. लेकरं त्यात बसत नाहीत.

सुट्टीतलं जेवण

एक खर्च मात्र सहलीला न जाताही होतो. पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारचं जेवण मिळतं. शाळा बंद झाली की ते जेवण घरावर येतं. तीन लेकरांच्या घरात दीड महिना हा साधा आकडा नाही, आणि सहलीचे पैसे खरं तर इथंच जातात. "सुट्टीत पोषण आहार मिळूच शकत नाही" असं शाळाही सांगतात. एरवी ते बरोबरच आहे. पण दुष्काळात वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे 2016 मध्ये स्वराज अभियानाच्या याचिकेवर दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन चालू ठेवायला सांगितलं होतं. तालुका दुष्काळी जाहीर झाला असेल त्या वर्षी शाळेत आणि ग्रामपंचायतीत याची विचारणा करावी.

आणि दिवाळीची सुट्टी? ती ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी सुट्टीच नसते. सेनगाव, औंढ्याकडच्या तांड्यांवरची घरं त्याच सुमाराला मुकादमाची उचल फेडायला कारखान्यांकडं निघतात, लेकरं ट्रॅक्टरवर बिऱ्हाडासकट. एस्टीची कुठलीच सवलत तिथं कामाची नाही. ती लेकरं आजीजवळ गावातच राहिली तर त्यांची शाळा टिकते, आणि नाताळच्या सुट्टीत आजीच्या आणि त्यांच्या सवलतीच्या तिकिटावर नर्सीला किंवा औंढ्याला जाणंही होतं.