नाशिकला जाताय? मग आधी न पिणाऱ्याला विचारा!

ग्रुपवर कुणीतरी द्राक्षमळ्यातल्या सूर्यास्ताचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, ‘चलो नाशिक!’ पुढच्या पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस पडतो. गाडी कुणाची, राहायचं कुठे, कॉन्ट्री किती, सगळं ठरतं. एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. सहाजणांत दोघांना अजून एकवीस पूर्ण नाहीत, एकजण घेतच नाही आणि परतताना कसारा घाटात गाडी चालवायची आहे चौथ्याला. म्हणजे ज्या वाइनसाठी एवढा खटाटोप, ती चाखणार फक्त दोघं! बाकीच्या चौघांनी काय दिवसभर त्यांचे फोटो काढायचे?

म्हणून ही ट्रिप उलट्या बाजूने आखा. जो पिणार नाही त्याचा दिवस आधी ठरवा. त्याला मजा आली तर पिणाऱ्यांना येतेच. नाशिक त्यासाठी अगदी सोयीचं आहे, कारण इथे वाइनच्या आधी द्राक्ष आहे आणि द्राक्षाच्याही आधी मिसळ!

सुरुवात तिखटाने

वाइनरीत रिकाम्या पोटी जायचं नाही, हा पहिला नियम. पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं. शिवाय वाइनरीतल्या रेस्तराँमध्ये सहाजणांचं पोट भरायचं म्हणजे महिन्याचा पॉकेटमनी गेलाच समजा. त्यामुळे सकाळचा भरपेट नाश्ता गावात करा.

नाशिकची मिसळ म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, वर शेव-कांदा, बाजूला पापड आणि दही. बारदान फाट्याजवळची ‘साधना’ची चुलीवरची मिसळ आता इतकी प्रसिद्ध आहे, की रविवारी रांगेची तयारी ठेवूनच जावं लागतं. रांग नको असेल तर रिक्षावाल्या काकांना विचारा, ‘काका, तुम्ही कुठे खाता?’ नाशिकमध्ये प्रत्येकाची मिसळ ठरलेली असते आणि ती सांगायला कुणी लाजत नाही. उपास असलेल्या मैत्रिणीला ‘सायंतारा’चा साबुदाणा वडा द्या आणि परतीच्या वाटेवर घरच्यांसाठी कोंडाजीचा चिवडा घ्या. वाइनची बाटली घरी दाखवता येईलच असं नाही, चिवडा मात्र नक्की दाखवता येतो!

आधी मळा, मग ग्लास

शहरातून गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने निघालात की गोवर्धन गावाच्या परिसरात ‘सुला’ लागते. अमेरिकेतली नोकरी सोडून परत आलेल्या राजीव सामंत यांनी ती सुरू केली आणि आई सुलभा यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं. वाइन चाखायला लोकांनी थेट वाइनरीत यावं म्हणून 2005 मध्ये त्यांनी इथे टेस्टिंग रूम उघडली आणि नाशिकच्या वाइन पर्यटनाला खरी सुरुवात झाली. जवळच धरणाच्या पाण्याकडे तोंड करून ‘यॉर्क’ आहे. 2021 पासून तीही सुलाच्याच मालकीची आहे. याच पट्ट्यात ‘सोमा’ही आहे. गर्दी टाळायची असेल तर इगतपुरीच्या बाजूला वळा. मुकणे धरणाच्या परिसरात ‘व्हॅलोने’ ही छोटी वाइनरी आहे आणि सांजेगावला ‘ग्रोव्हर झाम्पा’.

एका दिवसात दोनच वाइनरी करा. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभही दमते आणि खिसाही.

दोन्हीकडे टेस्टिंगच्या आधी वाइनरीची टूर घ्या. ती सगळ्यांसाठी आहे, न पिणाऱ्यांसाठी तर खासच. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. तेव्हा गेलात तर द्राक्षं यंत्रात पडताना दिसतात, टाक्यांमधून आंबट-गोड वास येत असतो. वाइनचं द्राक्ष आपण बाजारातून आणतो तसलं नसतं. ते लहान, जाड सालीचं आणि बियांचं असतं. काळ्या द्राक्षाचा रस सालीसकट आंबवला की रेड वाइन होते, कारण रंग सालीत असतो. रस आधीच पिळून वेगळा काढला तर व्हाइट. द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. बारावीच्या बायोलॉजीत घोकलेलं फर्मेंटेशन इथे मजल्याएवढ्या स्टीलच्या टाकीत चाललेलं असतं.

गाइडला एक प्रश्न जरूर विचारा : छाटणी दोनदा का करता? युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्याकडे तेवढी थंडी नसते, त्यामुळे वेल झोपतच नाही. म्हणून इथला शेतकरी एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतो आणि पावसाळा संपताना फळासाठी दुसरी छाटणी करतो. मेहनत दोनदा, पीक एकदाच. त्यात तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर वर्षाची कमाई एका संध्याकाळी मातीत जाते. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, 2010 मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे सगळं उभं आहे ते त्या दोन छाटण्यांवर. हे ऐकल्यावर ग्लास हातात घेतलात तर ‘बॉटम्स अप’ म्हणावंसंच वाटत नाही.

चाखणं म्हणजे पिणं नव्हे

टेस्टिंगसाठी एकवीस वर्षं पूर्ण हवीत आणि त्याचा पुरावाही हवा. कॉलेजचं आयकार्ड चालेल या भरवशावर राहू नका, आधार किंवा लायसन्स ठेवा. वय कमी असेल तर दुसऱ्याच्या ग्लासातून ‘एकच घोट’ नको. त्यात अडचणीत येतो तो ग्लास पुढे करणारा मित्र आणि वाइनरीचा परवाना.

ज्यांचं वय बसतं त्यांच्यासाठी साधी पद्धत. ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. रंग बघा, हलकेच गोल फिरवा, वास घ्या. मग छोटा घोट, तोही जिभेवर फिरवून. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये हिरव्या मिरचीचा किंवा कापलेल्या गवताचा वास सापडतो, शिराझमध्ये काळ्या मिरीचा. नाही सापडला तरी बिघडत नाही, तुम्हाला चिंच आठवली तर चिंच म्हणा! हलक्या व्हाइटपासून सुरुवात करा, नंतर रेड, गोड वाइन शेवटी. समोर एक भांडं ठेवलेलं दिसेल. ते घोट थुंकायचं असतं. लाजू नका, या धंद्यातली जाणकार मंडळी तेच करतात. एरवी कुठेही थुंकणं वाईट, इथे मात्र ते शहाणपणाचं!

आणि हो, ‘वाइन काय, द्राक्षाचा रसच की’ असं म्हणणाऱ्या मित्राला हे गणित सांगा. वाइनमध्ये साधारण 12 ते 13 टक्के अल्कोहोल असतं. 150 मिलीच्या एका ग्लासात ते व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगपेक्षा जास्त भरतं. टेस्टिंगमधले 30-30 मिलीचे पाच नमुने गिळलेत की तो एक ग्लास पुरा झाला.

ताटात काय?

जेवण वाइनरीत घेणार असाल तर सगळ्यांनी मिळून दोन-तीन प्लेट मागवा आणि वाटून खा. एक सूत्र लक्षात ठेवा : रेड वाइनमधला तुरटपणा आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात. झणझणीत रश्श्याबरोबर रेड घेतलीत तर कान लाल होतील. तिखटाला गार आणि किंचित गोडसर शेनिन ब्लाँ सांभाळून घेते. भजी, कोथिंबीर वडी अशा तळलेल्या पदार्थांना बुडबुडेवाली स्पार्कलिंग छान, कारण ती तोंडातलं तेल धुऊन काढते. मटण, कबाब असे भाजलेले, मसालेदार पदार्थ असतील तर शिराझ. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस किंवा लिंबू-सोडा मागवा, आणि तोही त्याच चांगल्या ग्लासात द्या. त्याच्यापुढे स्टीलचा पेला आणि बाकीच्यांपुढे काचेचे ग्लास, असं करू नका. छोटी गोष्ट आहे, पण टेबलावरचा तोच एक माणूस पाहुण्यासारखा वाटायला लागतो तो इथेच.

संध्याकाळी तासभर गंगापूर धरणाच्या बाजूला नाहीतर सोमेश्वरच्या धबधब्यापाशी काढा. तिथे ना तिकीट टेस्टिंगचं, ना वयाची अट.

किल्ली कुणाच्या हातात?

आता सगळ्यात महत्त्वाचं. रक्तात 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10 हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाची गोष्ट सोडा. कसाऱ्याच्या वळणाला ‘मी एकदम ओके आहे’ हे वाक्य समजत नाही. चालवणारा कोण, हे निघण्यापूर्वी ठरवा, तिथे पोचल्यावर नाही. तो एक थेंबही घेणार नाही, आणि त्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी भरायचे. हा नियम ग्रुपवर पिन करून ठेवा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे गाडी नेऊच नका. मुंबईहून सकाळची तपोवन एक्सप्रेस नाशिक रोडला सोडते, पुण्याहून एसटी आहे. गावात रिक्षा किंवा कॅब दिवसभरासाठी ठरवा आणि परतीची वेळ आधीच बोलून ठेवा, कारण संध्याकाळी वाइनरीच्या रस्त्यावर रिकामी रिक्षा मिळणं कठीण. तारीख ठरवताना ड्राय डे बघा. 26 जानेवारीचा लाँग वीकेंड ऐन द्राक्षाच्या हंगामात येतो आणि दरवर्षी कुणीतरी तिथेच फसतं!

परतल्यावर ग्रुपवर फोटो पडतीलच. तेव्हा त्या न पिणाऱ्या मित्राला एकच विचारा : पुढच्या वर्षी येणार? त्याने अंगठा दाखवला तर समजा, तुमची वाइन ट्रिप जमली.